रस्त्यापलीकडचे दुकान

अकोल्याच्या कापड बाजारात चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या माणसाला रिकामे बसणे जमत नाही. म्हणूनच मुलाकडे शिकागोला जाण्याचे ठरले, तेव्हा शेठजींच्या पत्नीने सामानात दोन वस्तू आठवणीने ठेवल्या. एक खाकऱ्यांचा डबा आणि दुसरी लाल कापडी बांधणीची कोरी वही. खाकरे कशासाठी, हे सांगावयास नको. वहीविषयी मात्र शेठजींनी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “रोजकीर्द लिहिल्याशिवाय तुम्हाला झोप येत नाही. दुकान मुनीमजी पाहतील, तुम्ही दिवसाची रोजकीर्द लिहा.”

त्यांचे माहेर अमरावतीचे, जवाहर गेटच्या आतले. दादासाहेब खापर्ड्यांच्या गोष्टी त्यांनी लहानपणी वडिलांकडून ऐकल्या होत्या. १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करण्याकरिता अमरावतीचे हे नामांकित वकील त्याच वर्षी विलायतेला गेले आणि सुमारे दोन वर्षे लंडनमध्ये राहिले. दादासाहेबांची दैनंदिनी लिहिण्याची सवय परदेशातही सुटली नाही. घरी कोण आले, कोणाशी काय बोलणे झाले, याची नोंद ते करीत. घरापासून दूर गेलेल्या माणसाला स्वतःचा हिशेब ठेवण्याची गरज अधिक असते, असे शेठाणीबाईंचे वडील म्हणत असत.

विदर्भ एक्सप्रेस अकोल्याहून सुटली, तेव्हा शेठजींच्या मनात वडिलांचा विचार होता. वडिलांनी श्रावकाची बारा व्रते घेतली होती. त्यांतील दिग्व्रताने मनुष्य स्वतःच्या जाण्या-येण्याला मर्यादा घालून घेतो. अमुक दिशेला अमुक अंतराच्या पलीकडे जावयाचे नाही, तेथे व्यापार करावयाचा नाही, असा तो नियम. वडिलांची पश्चिमेची मर्यादा मुंबईपर्यंत होती आणि ती त्यांनी मरेपर्यंत पाळली.

गंमत अशी की घरातील माणसे मुंबईच्या पलीकडे गेली नव्हती, तरी वऱ्हाडचा कापूस केव्हाच सातासमुद्रापार पोहोचला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचे मोल आले. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० साली खामगावला स्वतःचा लोहमार्ग मिळाला, पाठोपाठ अमरावतीची शाखा बडनेऱ्याला जोडली गेली. शेठजींच्या आजोबांची अडत त्याच कापसाची होती. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नाही, ते आजोबा लिव्हरपूलच्या भावाची चौकशी करून मगच जेवावयास बसत. मनुष्य घरी राहिला, तरी त्याचा लोभ किती दूर फिरून येतो, हे दिग्व्रत सांगणाऱ्या आचार्यांना ठाऊक असले पाहिजे.

शिकागोच्या उपनगरातील पहिला आठवडा नवलाईत गेला. वहीत जमेच्या बाजूला नोंदी भराभर होऊ लागल्या. रस्ता ओलांडावयास माणूस उभा राहिला की मोटार आपण होऊन थांबते. वाचनालयात कोणीही जावे, कितीही वेळ बसावे. ओला कचरा, सुका कचरा ज्याच्या त्याच्या डब्यात जातो. रांगेत पुढे घुसण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. शेठजींनी लिहिले, “ईर्यासमितीचे प्रवचन आपण ऐकतो. मुंगीवर पाय पडू नये म्हणून चार हात जमीन पाहून चालावे, हे आपल्याला पाठ आहे. पण बाजारातून स्कूटर काढताना समोरच्या म्हाताऱ्या बाईला बाजूला उडी मारावी लागते, याचे काही वाटत नाही. येथील माणसाने ईर्यासमितीचे नाव ऐकलेले नाही, तरी तो थांबतो.”

जून महिन्यात तेथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. अकोल्यात दुकान बंद करण्याच्या घाईत चौविहाराची ओढाताण होत असे, येथे सात वाजता सावकाश जेवूनही दिवस शिल्लक राही. “हिवाळ्यात मात्र साडेचारच्या आत अंधार पडतो,” सून म्हणाली. “तेव्हा ऑफिसातच डबा उघडून बसते. कोणी विचारले तर सांगते. आता कोणी विचारीत नाही, उलट आठवण करून देतात.” शेठजींनी सुनेकडे नव्याने पाहिले. परदेशी गेलेली मुले धर्म विसरतात, हे वाक्य त्यांनी स्वतः बाजारात अनेकदा उच्चारले होते. त्या रात्री वहीत ते स्वतःच्या नावे टाकले.

दुसऱ्या महिन्यापासून नावेची बाजू वाढू लागली. सकाळी नऊ वाजता घर रिकामे होई. पदपथ स्वच्छ होते, पण त्यांवर चालणारे कोणी नव्हते. शेजारचा गृहस्थ हिरवळ कापताना हात वर करी, हसे आणि आत जाई. त्याचे नाव काय, त्याला मुले किती, आई-वडील कोठे, हे दोन महिन्यांत कळले नाही. अकोल्यात सकाळी दुकानापर्यंत जाताना निदान पंधरा माणसे थांबवीत. हमाल आपल्या मुलीच्या लग्नाचे सांगे, फुलवाला कालच्या पावसाचे, चहावाला मागची उधारी हसत आठवून देई. त्या सगळ्याचा पूर्वी त्रास वाटे. आता शेठजींनी लिहिले, “येथे माणसाला कोणी त्रास देत नाही. कोणी विचारीतही नाही. दोन्ही एकाच गोष्टीची नावे असावीत.”

एका रविवारी मुलाने सर्वांना बार्टलेटच्या जैन मंदिरात नेले. आवारात एका फेटेधारी पुरुषाचा पुतळा होता. आठ वर्षांच्या नातीने विचारले, “आजोबा, हे कोण?” शेठजींनी नाव वाचले, वीरचंद राघवजी गांधी. नाव ऐकले होते. त्यापलीकडे सांगण्यासारखे काही नव्हते, याची लाज वाटली. मग मंदिरातून पुस्तक आणून त्यांनी ते दोन दिवसांत वाचून काढले आणि नातीला गोष्ट सांगितली.

वीरचंदभाईंचा जन्म १८६४ साली सौराष्ट्रातील महुवा येथे झाला. एकविसाव्या वर्षी ते जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मानद सचिव झाले. पालिताण्याच्या यात्रेकरूंवरील कराचा तंटा त्यांनी मिटवला. सम्मेदशिखराच्या डोंगरावर डुकरांच्या चरबीचा कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याविरुद्धचा दावा लढविण्यासाठी ते कलकत्त्यात जाऊन राहिले आणि कागदपत्रे वाचता यावीत म्हणून बंगाली शिकले. १८९३ साली शिकागोला सर्वधर्म परिषद भरली. निमंत्रण होते आचार्य विजयानंदसूरी म्हणजे आत्मारामजी महाराजांना. साधूला समुद्रप्रवास शक्य नव्हता, म्हणून त्यांनी एकोणतीस वर्षांच्या या तरुणाला तयार करून पाठविले. ज्या इमारतीत परिषद भरली, ती आजही मिशिगन अव्हेन्यूवर उभी आहे. तेथे आता मोठे कलासंग्रहालय आहे. वीरचंदभाई तेथे जैन धर्माविषयी बोलले आणि पुढे अमेरिकेतील अनेक शहरांत त्यांनी व्याख्याने दिली. १८९६-९७ च्या दुष्काळात तेथून धान्य आणि पैसा हिंदुस्थानात यावा म्हणून ते झटले.

“त्यांना खायला काय मिळायचे?” नातीने नेमका प्रश्न विचारला.

“भाजीपाला, फळे, धान्य. कडाक्याच्या थंडीतही त्यांनी नियम मोडला नाही.”

“मग सगळे खूश झाले असतील ना?”

शेठजी थांबले. कारण खरी गोष्ट पुढेच होती. स्वामी विवेकानंदांनी १८९४ साली जुनागढच्या दिवाणांना अमेरिकेतून पत्र लिहिले, त्यात या तरुणाच्या कडक शाकाहाराचे आणि देशाभिमानाचे कौतुक केले. आणि ज्यांच्यासाठी तो झटतो आहे, तेच त्याला वाळीत टाकावयास निघाले आहेत, याबद्दल संताप व्यक्त केला. समुद्र ओलांडला, हा वीरचंदभाईंचा अपराध होता. घरच्या लोकांचा रोष पत्करूनही ते पुन्हा परदेशी गेले, आणि १९०१ साली, सदतिसावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच, वारले. ज्याला आपल्याच माणसांनी परके मानले, त्याचा पुतळा मंदिराच्या आवारात उभारला गेला, तोही समुद्रापलीकडे.

“आपल्या माणसांनी त्यांच्याशी बोलणे सोडले होते?” नातीने विचारले.

“काहींनी.”

“का?”

शेठजींनी “मोठी झालीस की कळेल” असे उत्तर दिले. त्या रात्री वही उघडली, पण लिहिले काहीच नाही.

त्याचे कारण त्यांच्या पत्नीला ठाऊक होते. अकोल्यात शेठजींच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, धाकट्या भावाचे दुकान आहे. पंधरा वर्षांपूर्वी वाटणी झाली. कोपऱ्यावरची जागा कोणाकडे जावी, यावरून शब्द वाढले. पंचांनी हिशेब मिटवला, परंतु बोलणे मिटले ते मिटलेच. दोघे भाऊ रोज समोरासमोरच्या गाद्यांवर बसत. उन्हाळ्यात एकाने पडदा सोडला की दुसऱ्याला दिसे. गिऱ्हाईक एका दुकानातून निघून दुसऱ्यात जाई. भाऊ मात्र कधी जात नसत. तो रस्ता फार तर तीस फूट रुंद असेल.

पर्युषण त्या वर्षी शिकागोतच आले. संवत्सरीच्या दिवशी मंदिरात मोठी गर्दी झाली. गुजराती, मारवाडी, मराठी, दिगंबर, श्वेतांबर, सगळे एका छताखाली बसले होते. परदेशात माणसे थोडी असतात, म्हणून आपल्यातील रेघा पुसट होतात, असे शेठजींना वाटले. प्रतिक्रमण आटोपून घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ वाजले. तेव्हा अकोल्यात दुसऱ्या दिवशीची सकाळ होती, सात वाजले होते. शेठजी फोन घेऊन बसले. व्याही, जावई, मुनीमजी, जुने अडते, दलाल, अमरावतीचे मेहुणे, सर्वांना त्यांनी “मिच्छामि दुक्कडं” म्हटले. ज्याच्याशी बोलणे झाले त्याच्या नावासमोर खूण केली. बेचाळीस नावे झाली.

पत्नी यादी पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “अहो, एक नाव राहिले.”

“राहिलेले नाही. लिहिलेलेच नाही.”

“तेच म्हणते मी.”

शेठजी बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. दिग्व्रताचे पाच अतिचार त्यांना लहानपणी पाठ करविले होते. वरची मर्यादा ओलांडणे, खालची ओलांडणे, आडवी ओलांडणे, ठरविलेले क्षेत्र वाढविणे, आणि पाचवा, घातलेल्या मर्यादेचे विस्मरण होणे. बाकीचे चार समजत, पाचवा त्यांना नेहमी किरकोळ वाटे. विसरणे हा काय दोष? आता त्याचा अर्थ वेगळ्याच बाजूने लागला. मर्यादा घालावयाची ती लोभाला, हे ते विसरले होते. लोभाला आठ हजार मैलही पुरले नव्हते. मर्यादा घातली गेली ती नात्याला, आणि तीही तीस फुटांची. वडिलांनी मुंबईपलीकडे न जाण्याचे व्रत घेतले, पण वडील रोज संध्याकाळी स्वतःच्या भावाच्या ओट्यावर बसत असत.

वीरचंदभाईंना वाळीत टाकू पाहणारे लोक दुष्ट होते असे आजवर वाटत होते. आता वाटले, ते साधे, नेमाने पूजा-सामायिक करणारे गृहस्थ असतील. एखाद्याशी बोलणे सोडावयास दुष्टपणा लागत नाही; स्वतःचे बरोबर आहे एवढी खात्री पुरते.

“फोन लावून देऊ?” पत्नींनी विचारले.

“नको. हे फोनवरचे नव्हे.”

दिवाळीच्या आधी दोघे परतले. पहाटेच्या अंधारात अकोल्याचे स्थानक आले. रिक्षावाल्यांचा गलका, फलाटावरच्या चहाचा वास, धूळ, भोंगे, सगळे जसेच्या तसे होते. घराकडे जाताना एका चौकात रिक्षा आडवी घुसली, तेव्हा शेठजी सवयीने म्हणाले, “तिकडे असे नसते.” पण लगेच त्यांनी रिक्षावाल्याला थांबावयास सांगितले आणि समोरच्या झाडूवाल्या बाईला आधी जाऊ दिले. रिक्षावाल्याला त्याचे नवल वाटले.

दुपारी जेवण झाल्यावर शेठजी दुकानात गेले. मुनीमजींनी वह्या पुढे केल्या. शेठजींनी त्या बाजूला ठेवल्या, चपला घातल्या आणि रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. एकही वाहन थांबले नाही. हातगाडी गेली, दोन स्कूटर गेल्या, गठाणींचा टेंपो गेला. थोडी जागा झाली तेव्हा ते पलीकडे गेले.

धाकटे बंधू गादीवरून उठले. त्यांच्याही केसांत आता काळे फार उरले नव्हते. पंधरा वर्षांत समोरून रोज पाहूनही ते शेठजींच्या ध्यानात आले नव्हते.

“संवत्सरी होऊन गेली,” शेठजी म्हणाले. “मला उशीर झाला.”

धाकट्या बंधूंनी काही क्षण उत्तर दिले नाही. मग नोकराला हाक मारून ते म्हणाले, “दादांना आधी पाणी दे. मग चहा सांग, साखर कमी.”

साखर कमी लागते, हे त्यांच्या लक्षात होते.

त्या रात्री लाल वहीचे शेवटचे पान भरले. जमेच्या बाजूला एकच नोंद होती, “अर्धा कप चहा.” नावेच्या बाजूला पंधरा वर्षे. खाली बेरीज करण्याची शेठजींची सवय, पण ती त्यांनी त्या दिवशी केली नाही. सकाळी लवकर दुकान उघडावयाचे होते, आणि धाकट्याने सांगितले होते की दहा वाजता तोच इकडे येईल.