शाळा आधी, कागद मागून

नव्यानं अमेरिकेत आलेल्या कुटुंबाचा एक तरी लेख आपल्या मंडळाच्या अंकात दरवर्षी असतोच. रस्त्यांची शिस्त, हॉर्न न वाजवणारी माणसं, वाचनालयातून मिळणारी ढीगभर पुस्तकं, पहिला बर्फ. हे सगळं आम्हीही पाहिलं आणि फोनवरून परभणीला सांगितलंही. पण दोन लहान लेकरांना घेऊन इथं उतरल्यावर सगळ्यांत जास्त नवल वाटलं ते शाळेच्या कचेरीचं.

कचेरीतल्या बाईंनी मागितलं ते एवढंच: जन्मदाखला, घराचा भाडेकरार आणि लसीकरणाची नोंद. आमचं लसीकरणाचं कार्ड घडीवर फाटलेलं, तारखा निळ्या शाईच्या, एका जागी शिक्का पुसट. बाईंनी नाक मुरडलं नाही. डॉक्टरांकडून आमच्या फॉर्मवर उतरवून आणा, म्हणाल्या. घरी कोणती भाषा बोलता, असा एक रकाना होता. तिथं मराठी लिहिलं, आणि त्यावरूनच धाकटीला इंग्रजीसाठी वेगळी शिक्षिका द्यायची का, याची चाचपणी सुरू झाली. तहान लागली तरी मराठीतच सांगणारी पोर त्याच आठवड्यात वर्गात बसली. परभणीच्या शाळेचा दाखला मागून आला, तो कुणी धड पाहिलाही नाही.

इथवर वाचून ‘अमेरिका ती अमेरिकाच’ असं कुणी म्हणेल. मला ते म्हणायचं नाही. हे दार आपोआप उघडलेलं नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलांच्या शिक्षणाला पैसा द्यायचा नाही, असा कायदा टेक्सासनं 1975 मध्ये केला. टायलर गावच्या शाळा अशा मुलांकडे वर्षाला हजार डॉलर मागू लागल्या. पालक कोर्टात गेले. आईबापांच्या वागण्याचा भुर्दंड लेकरांवर टाकता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा 1982 चा निकाल पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतांनी लागला. त्याआधी 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी कुटुंबांनी, भाषा न कळणाऱ्या मुलाला नुसतं बाकावर बसवलं म्हणजे शिक्षण झालं असं नाही, हे कोर्टाकडून मान्य करून घेतलं. आपल्या मुलांना आज जे आयतं मिळतं, ती या लोकांची कमाई आहे. आणि याच देशात पालकांच्या संमतीनं बारा वर्षांच्या मुलाला शाळेच्या वेळेबाहेर शेतात मजुरीला लावायला कायद्याची आडकाठी नाही, हेही विसरू नये.

आता आपल्या जिल्ह्याकडे बघू. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतल्या गावांतून आणि तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी कर्नाटकात, आणि संसाराबरोबर लेकरंही गाडीत चढतात. आई पहाटे फडात गेली की आठ-नऊ वर्षांची पोरगी कोपीत तान्ह्या भावाला खेळवते, पाणी भरते, दुपारी वाढं गोळा करते. सीमा ओलांडली की शाळेची पाटी कन्नड. लहान मुलांना घेऊन परमुलखात जाणं हेच आहे. फक्त याचे अनुभव कुठल्या अंकात छापून येत नाहीत.

कायदा नाही म्हणून हे होतं, असं समजू नका. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम 9 नुसार स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. म्हणजे ‘शाळा आधी, कागद मागून’ हे आपल्याकडेही लिहिलेलं आहे. मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, आणि 2021 मध्ये सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना जाहीर केली.

मग अडतं कुठं? एक तर पटावर. पट घटला की शिक्षकाचं पद धोक्यात येतं, म्हणून गेलेल्या मुलाचं नाव कमी करायला गावची शाळा नाखूश. आणि चार-पाच महिन्यांच्या पाहुण्यासाठी पट वाढवायला तिकडची शाळा नाखूश. टोळी या फडावरून त्या फडावर हलत राहते, आणि मूल कुणाच्याच खात्यात राहत नाही. इथं अमेरिकेत हंगामी शेतमजुरांच्या मुलांसाठी 1966 पासून सरकारी कार्यक्रम आहे. त्यातली मला सगळ्यांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट साधी आहे: पगारी माणसं शेतांवर आणि वस्त्यांवर जाऊन मुलं शोधतात.

‘आपण नोकरीचं पत्र आणि व्हिसा घेऊन आलो, त्यांच्याशी आपली काय बरोबरी?’ असं मंडळातल्या एका मित्रानं विचारलं. आईबापांची बरोबरी मी करतच नाही. पण आमच्या धाकटीनं व्हिसा मागितला नव्हता आणि त्या पोरीनं उचल घेतली नव्हती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मुलांना नेऊच नये, गावात ठेवावं. ते खरंच उत्तम, आणि तेच पहिलं ध्येय असावं. पण ज्यांच्या घरी आजी-आजोबा थकलेत, ज्यांना वाढत्या मुलीला मागं ठेवायची भीती वाटते, ते नेणारच. त्यांच्या लेकरांनी तोवर काय करायचं?

आपलं मंडळ गावाकडच्या शाळांसाठी पैसे पाठवतं. त्यातून कमानी, संगणकखोल्या आणि देणगीदारांच्या नावाची कोनशिला उभी राहते. कमान दिसते, तिचा फोटो अंकात छापता येतो, म्हणून ती आपल्याला आवडते. यंदा त्याऐवजी एखाद्या तालुक्यात, तिथल्याच एखाद्या संस्थेमार्फत, दोन माणसांचा वर्षाचा पगार द्यावा. टोळ्या निघण्याआधी जाणाऱ्या मुलांची यादी करायची, मागं राहू शकणाऱ्यांची वसतिगृहात सोय लावायची, जाणाऱ्यांसाठी फडाजवळच्या शाळेत कलम 5 दाखवून नाव घालायचं आणि पट्टा पडला की तीच मुलं गावच्या वर्गात परत बसली का ते बघायचं, एवढंच त्यांचं काम. याला इमारत लागत नाही, उद्घाटनही लागत नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. हंगाम आपल्या सवडीसाठी थांबत नाही. दिवाळी फराळाच्या बैठकीपर्यंत हा विषय लांबवला तर टोळ्या निघून गेलेल्या असतील. कुणाला विरोध करायचा असेल तर त्यांनी जरूर यावं. मात्र येताना आपल्या मुलांच्या शाळाप्रवेशाला इथं किती दिवस लागले, तेवढं आठवून यावं.