दार कोणी उघडायचे?

परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींसाठी मिस्सा अर्पण करण्याचा प्रसंग आम्हा धर्मगुरूंवर हल्ली वरचेवर येतो. मिस्सा आटोपली की आईवडील बजावतात, ‘आपल्याच माणसांत राहा.’ पुढे तेच आईवडील तक्रार घेऊन येतात, ‘फादर, तिकडची माणसे फार कोरडी. दोन वर्षे झाली, पण नाताळलाही कोणी घरी बोलावले नाही.’ पोरांच्या एकटेपणाचे आम्हालाही दुःख होते. परंतु ही तक्रार करण्याचा अधिकार आपण पुण्यातील ख्रिस्ती लोकांनी कमावला आहे काय?

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपण जिद्दीची कथा म्हणून वाचतो. ती एका मैत्रीचीही कथा आहे. गोपाळराव जोशी कोल्हापुरात असताना, १८७८ साली, पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी त्यांनी मिशनरी वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. उत्तराचा रोख, आधी ख्रिस्ती व्हा, असा होता. ती पत्रे अमेरिकेत एका मिशनरी मासिकात छापली गेली. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे खोळंबून बसलेल्या असताना ती वाचली आणि कोणतीही अट न घालता आपल्या घराचे दार उघडले. १८८३ साली आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या. त्यांनी शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही, धर्मही सोडला नाही. कार्पेंटरबाई मात्र त्यांच्या ‘मावशी’ झाल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंना वैद्यकाची पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी २६ फेब्रुवारीला पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा सातासमुद्रापार मावशीकडे गेली आणि पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावली.

शुभवर्तमान सांगणे हे ज्याचे काम, त्याने अट घातली. ते जगून दाखवले एका गृहिणीने. वाइल्डर आपल्या पंथाचे नव्हते, असे म्हणून आम्हाला सुटका करून घेता येणार नाही. आम्हीही त्याच पेशातले आहोत.

आता आपल्या शहराकडे वळू. जसे रोझेलला आनंदीबाई गेल्या, तसे पुण्यात इराण, अरब देश, आफ्रिका येथून विद्यार्थी येतात. त्यांची स्थिती नवी नाही. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून जेवण देत असल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले. परक्या मुलांचे हाल त्यांना तेव्हा कळले आणि १९७१ साली ‘सिम्बायोसिस’ उभी राहिली. वनस्पतिशास्त्रातला हा शब्द, अर्थ सहजीवन.

आमच्या धर्मग्रामात मात्र ती खिडकीही बंद आहे. युगांडाहून आलेला एक कॅथलिक विद्यार्थी दर रविवारी मागच्या बाकावर बसे. खोलीसाठी त्याने आपल्याच एका धर्मग्रामस्थाला दूरध्वनी केला, तेव्हा खोली रिकामी होती. तासाभराने तो दारात उभा राहिला, तोवर ती ‘कालच दिली’ गेली होती! पुढे पंधरा दिवस त्या खोलीला कुलूप होते. रंग पाहून दार लावणारा तो हात त्याच रविवारी मिस्सामध्ये शांतीसाठी पुढे झाला होता.

या मुलाला घेऊन आम्ही आषाढीला निघालेल्या पालख्या पाहायला गेलो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘फादर, आमच्याकडेही असेच चालतात.’ ३ जूनला युगांडाच्या हुतात्म्यांच्या सणासाठी दूरदूरचे यात्रेकरू नामुगोंगोपर्यंत पायी जातात. १९६४ साली संतपद मिळालेल्या त्या बावीस हुतात्म्यांची नावे आम्ही सेमिनरीत पाठ केली होती. त्यांची वारी आम्हाला या मुलाने दाखवली. ज्याने खोली नाकारली, तो एवढ्या संचिताला मुकला.

काही जण म्हणतात, भाषा येत नाही, रात्री गोंगाट होतो, पोलिसांचे लचांड मागे लागते. गोंगाट आपली मुले करीत नाहीत काय? परदेशी भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे कायद्याने बंधनकारक आहे; ती द्यावी आणि निर्धास्त राहावे. या अडचणी खऱ्याच असत्या, तर गोऱ्या पाहुण्याच्या बाबतीतही त्या आठवल्या असत्या. त्याला आपण आग्रहाने जेवायला नेतो आणि त्याच्यासोबत छायाचित्रही काढून घेतो.

क्वार्टर गेटजवळचे आपले सिटी चर्च १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिले. पेशव्यांच्या चाकरीत आलेल्या परमुलखातील कॅथलिकांना प्रार्थनेसाठी ठाव हवा होता; हिंदू राज्यकर्त्याने तो दिला. त्या औदार्याचे आपण वारस आहोत. इजिप्तमध्ये आपणही परके होतो, हे विसरू नका, असे इस्राएलला वारंवार बजावण्यात आले. पुण्यात आपणही कधी परके होतो, हे आपल्याला कोणी बजावायचे?

न्यायाच्या दिवशी प्रभू आपल्याला धर्मशिक्षणातले प्रश्न विचारणार नाही. परका दारात आला तेव्हा घरात घेतले काय, एवढेच विचारील. म्हणून येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर फाटकाकडे घाई करू नका. मागच्या बाकाकडे वळा, त्या मुलाला त्याचे नाव विचारा आणि जेवायला घरी न्या. आपल्या लेकराला तिकडे कोणी बोलावत नाही, ही तक्रार त्यानंतर खुशाल करा.