माहितीचा साठा : एका तिजोरीत की अनेकांच्या हाती?

सॉफ्टवेअर घडविताना माहिती एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवायची की प्रत्येक सहभागी संगणकाकडे तिची संपूर्ण प्रत द्यायची, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात तो विश्वासाचा आणि नियंत्रणाचा प्रश्न आहे.

'सीव्हीएस' आणि त्यानंतरची 'सबव्हर्जन' या प्रणाली मध्यवर्ती रचनेच्या होत्या. प्रोग्राममधील बदलांचा सारा इतिहास सर्व्हरवर असे. प्रोग्रामरच्या हाती केवळ चालू आवृत्ती येई. शिस्त राखणे व परवानग्या ठरविणे त्यामुळे सोपे होते. मात्र सर्व्हर बंद पडला, की बदलांची नोंद करणेही थांबे.

'लिनक्स'चे प्रणेते लायनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये 'गिट' ही विकेंद्रित प्रणाली लिहावयास घेतली. 'बिटकीपर' या खासगी मालकीच्या प्रणालीचा विनामूल्य वापर तेव्हा बंद झाला होता. 'गिट'मध्ये प्रत्येक प्रतीत संपूर्ण इतिहास असतो आणि प्रत्येक नोंदीवर तिच्या मजकुरावरून काढलेली सांकेतिक खूण असते. ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सचे मूळ सर्व्हर घुसखोरांच्या ताब्यात गेल्याचे उघडकीस आले. तरीही जुन्या नोंदींत गुपचूप फेरफार करणे त्यांना शक्य नव्हते. जगभरातील हजारो प्रतींशी ती खूण जुळली नसती.

याउलट, ३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब' या संकेतस्थळाचा मुख्य डेटाबेस एका कर्मचाऱ्याच्या चुकीने पुसला गेला. सुमारे सहा तासांतील प्रतिक्रिया, तक्रारींच्या नोंदी आणि नवी खाती कायमची गेली. राखीव प्रतींच्या अनेक व्यवस्था ऐनवेळी निकामी ठरल्या. स्वतंत्रपणे साठविलेल्या प्रोग्रामना मात्र धक्का लागला नाही.

म्हणून विकेंद्रीकरण हाच सर्वांवरील उपाय, असे नव्हे. बँक खात्यातील शिल्लक हे त्याचे साधे उदाहरण. एकाच खात्यातून एकाच क्षणी दोन ठिकाणी पैसे काढले जाऊ लागले, तर खरा आकडा कोणता हे सांगणारी एक अंतिम नोंद हवीच. संगणकांमधील संपर्क तुटला असता सर्वत्र एकच अचूक उत्तर आणि अखंड सेवा या दोन्हींची हमी देता येत नाही, हे २००२ मध्ये गणिताने सिद्ध झाले आहे.

शिवाय विकेंद्रित साधनही मध्यवर्ती बनू शकते. 'गिट'वर उभे राहिलेले 'गिटहब' मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला घेतले. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांपोटी इराण, सीरिया व क्रायमियातील खात्यांवर तेथे मर्यादा आल्या. प्रोग्रामची प्रत प्रोग्रामरच्या संगणकावर उरली, परंतु त्याभोवतीचे सहकार्य एका कंपनीच्या दाराशी अडले.

तेव्हा रचना निवडताना वेगापूर्वी दोन गोष्टी तपासायला हव्यात. दोन नोंदींत तफावत आली तर किती नुकसान होईल आणि मधला सर्व्हर गेला तर हाती काय उरेल?