सांगितल्यानें गुण वाढतो

आपल्याकडील जुन्या घरांतून एखादी आजी किंवा आत्याबाई काविळीवर, नायट्यावर किंवा लहान मुलांच्या खोकल्यावर झाडपाल्याचें औषध देत असते. तिच्याकडे लांबलांबून माणसें येतात आणि ती कोणाकडून पैही घेत नाहीं. परंतु 'हा पाला कशाचा?' असें विचारल्यास मात्र ती हंसून उत्तर टाळते. औषध सांगितलें म्हणजे त्याचा गुण जातो, ही समजूत आपल्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. एके दिवशीं आजी जाते आणि तिच्याबरोबर तो पालाही जातो. त्याच घरांतील वैद्यकीची पदवी घेतलेला नातू त्या पाल्यास हंसत असतो. आणि सून बिचारी दोघांचेंही मन राखण्याकरितां डॉक्टरांची बाटली व आजीची पुडी अशीं दोन्ही औषधें रोग्यास गुपचूप देत असते. या तिघांपैकीं बरोबर कोण, हा प्रश्न घरांत उघडपणें क्वचितच निघतो. या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें एका चिनी वैद्याची हकीकत ठेवीत आहों. कारण हाच प्रश्न त्यांच्याही घरीं उभा होता, आणि त्याचें जें उत्तर त्यांनीं शोधिलें तें आम्हांस फार विचार करण्यासारखें वाटतें.

या वैद्यांचें नांव चेंग दान-आन. च्यांगसू प्रांतांतील च्यांगयिन येथें १८९९ सालीं त्यांचा जन्म झाला. आजोबा व वडील दोघेही वैद्य, आणि वडील तर सुया टोचून रोग बरे करण्याच्या विद्येंत जाणकार. आज सर्व जग जिला ॲक्युपंक्चर म्हणतें तीच ही विद्या. आम्ही तिला सूचिवेध म्हणूं. शरीरांत 'ची' नांवाची प्राणशक्ति ठराविक मार्गांनीं वाहते. त्या मार्गांवरील बिंदूंवर सुई टोचली, किंवा दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीचीं वाळलेलीं पानें पेटवून त्यांचा शेक दिला, म्हणजे अडलेला प्रवाह मोकळा होतो, अशी तिची उपपत्ति आहे. ती सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या चिनी ग्रंथांतून सांपडते.

परंतु दान-आन यांच्या बाळपणीं या विद्येस उतरती कळा लागली होती. सम्राटाच्या देहास सुई व अग्नि लावणें उचित नव्हे, असें सांगून ताओक्वांग बादशहानें १८२२ सालींच राजवैद्यकशाळेंतून ही शाखा बंद करविली होती. पुढें पाश्चात्य वैद्यकाचा प्रसार झाला, तेव्हां शिकलेल्या लोकांस ती अडाण्यांची विद्या वाटूं लागली. तरुण दान-आन प्रथम वडिलांजवळ व नंतर गांवच्या एका वैद्याजवळ शिकले, आणि १९२० च्या सुमारास शांघाय येथें जाऊन त्यांनीं पाश्चात्य वैद्यकाचेंही शिक्षण घेतलें. वडिलांची सुई मात्र त्यांनीं अजून मनावर घेतली नव्हती.

१९२३ च्या सुमारास ते स्वतःच आजारी पडले. कंबर धरली, रात्रीं झोंप येईना, औषधांचा उपयोग होईना. शेवटीं वडिलांनीं सुया टोचण्यास आरंभ केला आणि त्या उपचारानें मुलगा बरा झाला. कान सोनारानेंच टोचावे असें आपल्याकडे म्हणतात. येथें सोनार घरांतलाच निघाला. त्यानंतर दान-आन यांनीं ही विद्या मनापासून हस्तगत केली व कांहीं वर्षांतच सूचौ आणि वूशी या भागांत आपला स्वतंत्र व्यवसाय मांडला.

येथवरची हकीकत कोणाच्याही घरीं घडावी अशीच आहे. स्वतःस गुण आला म्हणजे माणूस भक्त होतो, दहाजणांस तोच उपचार सुचवितो, आणि कोणी शंका काढल्यास रागावतो. दान-आन यांनीं मात्र गुण कां आला, याचा शोध आरंभिला. जुन्या चित्रांतून बिंदु ढोबळपणें दाखविलेले असत, आणि एका ग्रंथाचा दुसऱ्याशीं मेळ बसत नसे. दान-आन यांनीं नवें शारीरशास्त्र हातीं धरून प्रत्येक बिंदूखालीं कोणता स्नायु, कोणती रक्तवाहिनी व कोणता मज्जातंतु आहे हें पाहिलें, आणि सुई रक्तवाहिनीस लागूं नये अशा बेतानें बिंदूंचीं स्थानें नक्की केलीं. १९३१ सालीं त्यांचा सूचिवेधचिकित्सेवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३४ सालीं ते जपानला गेले. चीनकडून गेलेली ही विद्या तेथें रीतसर शाळांतून, शारीरशास्त्राच्या जोडीनें शिकविली जात होती. ती पद्धति त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली, आणि परततांना स्वदेशांत दुर्मिळ झालेल्या चौदाव्या शतकांतील एका चिनी ग्रंथाची प्रत ते बरोबर घेऊन आले.

हें सर्व चाललें असतां त्या विद्येच्या मानेवर तलवार लटकत होती, हें विसरतां कामा नये. १९२९ च्या फेब्रुवारींत नानजिंग येथील सरकारी आरोग्यपरिषदेनें जुनें वैद्यक क्रमाक्रमानें बंद करण्याचा ठराव मंजूर केला. वैद्यवर्ग खवळला; १७ मार्च रोजीं शांघाय येथें ठिकठिकाणच्या वैद्यांची मोठी सभा भरली, आणि सरकारास तो बेत सोडावा लागला. ठराव टळला, परंतु जें ज्ञान घराण्याच्या पेटींत बंद आहे आणि ज्याची पारख कोणास करतां येत नाहीं तें राष्ट्रानें कां राखावें, हा आक्षेप उभाच राहिला.

या आक्षेपास दान-आन यांनीं आपल्या कृतीनें उत्तर दिलें. चिनी वैद्यांतही घराण्याची विद्या बाहेर न सांगण्याची चाल होती; त्यांनीं वडिलांकडून आलेलें व स्वतः मिळविलेलें सर्व ज्ञान छापून टाकिलें. १९३० च्या सुमारास त्यांनीं सूचिवेधाच्या संशोधनाकरितां एक मंडळ स्थापिलें, टपालानें धडे पाठवून दूरदूरच्या विद्यार्थ्यांस शिकविलें, आणि १९३३ सालीं केवळ याच विषयास वाहिलेलें मासिक काढिलें. १९३७ सालीं जपाननें चीनवर स्वारी केली व हा मांडलेला संसार मोडला. तेव्हां ते दूर सेचुआन प्रांतांत गेले आणि तेथेंही शिकवीत राहिले. १९५४ सालीं च्यांगसू प्रांताच्या सरकारी चिनी वैद्यकशाळेचे ते प्रमुख झाले. १९५७ सालीं ते वारले. ती शाळा आज नानजिंगचें चिनी वैद्यकाचें विद्यापीठ म्हणून प्रसिद्ध आहे.

या विद्येचा आपल्या देशाशीं जो संबंध आला त्यांत महाराष्ट्राचाही धागा आहे. त्याच युद्धांत, १९३८ सालीं, राष्ट्रसभेनें पांच डॉक्टरांचें पथक चीनला पाठविलें. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीसांनीं ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच देह ठेविला. त्यांची कथा व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या बोलपटामुळें घरोघर माहीत झाली. त्यांचे सोबती कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसु १९४३ सालीं परत आले. पुढें पंधरा वर्षांनीं हे पाश्चात्य वैद्यकांतील अनुभवी डॉक्टर, चाळिशी उलटली असतांही, चीनमध्यें पुन्हां विद्यार्थी होऊन बसले, सूचिवेध शिकले, आणि १९५९ पासून कलकत्त्यास रोग्यांवर ही चिकित्सा करूं लागले. जाणत्या वयांत नव्यानें पाटी हातीं धरण्यास जो निगर्वीपणा लागतो तो सर्वांच्या ठायीं नसतो.

आतां सुज्ञ वाचक विचारतील कीं, या विद्येंत तथ्य किती? दान-आन यांची कंबर दुखत होती म्हणून कंबरेचेंच उदाहरण घेऊं. जर्मनींत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांवर केलेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत तीन गट होते. सहा महिन्यांनंतर पाहतां, शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकीं शेंकडा ४७.६ रोग्यांस उतार पडला होता. बिंदु सोडून भलत्याच ठिकाणीं वरवर सुया टोचलेल्यांपैकीं शेंकडा ४४.२ रोग्यांस; आणि औषधें, व्यायाम इत्यादि नेहमींचे उपचार घेणाऱ्यांपैकीं शेंकडा २७.४ रोग्यांस. म्हणजे सुईनें बरें वाटतें हें खरें. परंतु बिंदु अमुकच व मार्ग अमुकच, या उपपत्तीस या प्रयोगानें आधार मिळत नाहीं. रोग्याचा विश्वास, वैद्याचा हात, त्यानें दिलेला वेळ आणि लक्ष यांचा त्यांत मोठा वांटा असावा असें दिसतें. त्या बापाच्या सुईंत बापाचा हात किती होता, हेंही मग सांगणें कठीण आहे.

या निकालानें दान-आन यांची थोरवी कमी होते असें आम्हांस वाटत नाहीं. उलट, त्यांनीं बिंदूंचीं स्थानें नक्की करून छापलीं नसतीं, तर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनीं दूरच्या देशांतील वैद्यांस तीं पारखतां आलीं नसतीं. पेटींत राहिलेली विद्या खोटीही ठरत नाहीं व खरीही ठरत नाहीं. ती नुसती मरते.

वाचकांपैकीं कोणास हा उपचार घ्यावयाचा असल्यास तो वेदनांपुरता, आणि आपल्या डॉक्टरांस सांगून घ्यावा. ज्वर, गांठ, रक्तस्राव किंवा छातींतील कळ यांवर सुई शोधीत बसूं नये. सुया निर्जंतुक, एकदांच वापरून टाकावयाच्या आहेत ना, हें डोळ्यांनीं पाहावें. महाराष्ट्र राज्यानें २०१५ च्या कायद्यानें या चिकित्सकांच्या नोंदणीची तरतूद केली आहे. तेव्हां नोंदणीची चौकशी करण्यास संकोच बाळगूं नये.

आणि घरांतील सुनांस व नातवंडांस आमची एक विनंति आहे. आजीजवळ बसून तिच्या पाल्याचें नांव, तो केव्हां तोडावयाचा, किती द्यावयाचा, कोणास द्यावयाचा नाहीं, हें सर्व वहींत उतरून घ्या. नंतर ती वही घरांतील डॉक्टरास दाखवा. त्यानें हंसूं नये, आणि आजीनें रागावूं नये. त्या वहींतील कांहीं गोष्टी टिकतील, कांहीं गळून पडतील. परंतु रोग्यास गुपचूप दिलेली पुडी आणि न सांगतां गेलेली आजी, या दोन्ही हानि आपल्या घरापुरत्या तरी टळतील.