एका ‘अ’ची गोष्ट

परवा सकाळी सकाळी पुणतांब्याहून मामेभावाचा फोन. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, त्यामुळे इंग्लिश ग्रामर सध्या त्याच्या अंगात आलंय.

‘ताई, तुझं आर्टिकल वाचलं. अख्ख्या गावाला विसराळू करून टाकलंस की!’

झालं होतं असं, की एका इंग्लिश वेबसाइटसाठी मी २०१७च्या शेतकरी संपावर लिहिलं होतं. आठवतोय ना? १ जूनला सुरू झालेला. हाक पुणतांब्यातून गेली, शहरांकडे येणारं दूध-भाजी अडलं आणि त्याच महिन्यात सरकारनं ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. शेवटी मी ऐटीत लिहिलं, ‘फ्यू फार्मर्स स्टिल टॉक अबाउट इट’. मला म्हणायचं होतं, काही शेतकरी अजून त्याबद्दल बोलतात. अर्थ झाला, आता फारसं कुणी बोलतच नाही! आणि इकडे मामा दर चहाला तोच विषय काढतात.

‘अ फ्यू’ हवं होतं. मास कॉमची डिग्री गेली पाण्यात!

आपली गोची अशी, की मराठीत ‘थोडे’ दोन्हीकडे चालतं. नन्नाचा सूर लावायचं काम आपला ‘च’ करतो. थोडे लोक आले, म्हणजे ‘अ फ्यू’. थोडेच लोक आले, म्हणजे ‘फ्यू’. आपण ‘च’ लावतो, तिथे ते ‘अ’ काढून टाकतात. ‘लिटल’चंही तेच, फक्त ते न मोजता येणाऱ्या गोष्टींना. ‘अ लिटल टाइम’ असेल तर कटिंग होतो, नुसता ‘लिटल टाइम’ असेल तर बॉस डोक्यावर उभा असतो.

हसू नका. आधी तुमचं सेंट फोल्डर उघडा. ‘आय हॅव फ्यू डाउट्स’ सापडेलच. म्हणजे, ‘मला जवळपास काहीच शंका नाही’. क्लायंट खूश आणि तुम्ही उत्तराची वाट बघताय! (‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे मात्र चक्क ‘बरेच’. कसं काय, ते इंग्रजांनाच विचारा.)

एडिटरला मेल टाकून ‘अ’ घालून घेतला आणि रविवारी मामांची समजूत काढायला पुणतांबा गाठलं. मामी किटली घेऊन आल्याच. ‘थोडा चहा घेतेस ना गं?’

‘थोडाच,’ मी ‘च’वर चांगला जोर दिला.

कप काठोकाठ भरला, वर बशीतही सांडला. मामा सुरू झाले, ‘तर त्या १ जूनला काय झालं...’