पुतळी, शिवराई आणि बिटकॉइन : राखायचे धन, खर्चायचा पैसा

१/ २२ मे २०१०. फ्लोरिडातील लास्लो हान्येच या प्रोग्रॅमरने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले. डिसेंबर २०२४ मध्ये एका बिटकॉइनचा भाव १ लाख डॉलरवर गेला. त्या हिशेबाने ते जेवण १०० कोटी डॉलरचे ठरले. या व्यवहाराची आज चेष्टा होते. वस्तुतः बिटकॉइन ज्यासाठी जन्मले, तेच काम त्या दिवशी त्याने केले.

२/ ‘सातोशी नाकामोतो’ या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘इलेक्ट्रॉनिक रोकड’ होती. बँकेवाचून एकाने दुसऱ्याला थेट पैसे द्यावेत, ही मूळ कल्पना. मात्र प्रत्यक्ष प्रणालीत नाण्यांची संख्या २ कोटी १० लाखांवर बांधली गेली. उद्या महाग होईल असे वाटणारे नाणे आज कोण खर्चील?

३/ हा पेच महाराष्ट्राला परका नाही. व्हेनिसचे सोन्याचे डुकाट व्यापाराच्या वाटेने इकडे आले. त्यांवरील मानवाकृतींमुळे त्यांना ‘पुतळी’ हे नाव पडले. सोने चोख, म्हणून ती नाणी गळ्यात गेली. पुतळ्यांची माळ आजही घडवली जाते. चलनाचा दागिना झाला.

४/ याउलट तांब्याची शिवराई. भाव वाढेल म्हणून जपून ठेवावे असे तिच्यात काही नव्हते. म्हणूनच ती हातोहात फिरली, पेशवाईत चालली आणि इंग्रजी अमलातही दीर्घकाळ टिकली. सामान्यपणा हेच तिचे सामर्थ्य होते.

५/ एल साल्वाडोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. सरकारी ‘चिवो’ ॲप घेणाऱ्यास ३० डॉलरचे बिटकॉइन भेट मिळाले. अनेकांनी ती भेट वापरली आणि पुन्हा डॉलरकडे वळले. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलला. बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती संपली. हुकमाने चलन जाहीर करता येते, चालवता येत नाही.

६/ समर्थक म्हणतात : सोनेही आधी संचय होते, मग पैसा झाले. युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु रोजच्या पैशाचे मोल आज आणि महिनाअखेरीस जवळपास सारखे असावे लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलरवर गेलेले बिटकॉइन वर्षभरात १६,००० च्या खाली आले. घरभाडे आणि किराणा अशा चढउतारांची वाट पाहत नाहीत.

७/ पुतळी राखण्यात गैर काही नव्हते. मात्र तिला कोणी बाजारखर्चाची शिवराई समजत नसे. बिटकॉइन घेणाऱ्यानेही हाच विवेक ठेवावा. ज्याच्या भाववाढीची आस आहे ती गुंतवणूक. तिला ‘चलन’ म्हटल्याने जोखीम कमी होत नाही, फक्त दिसेनाशी होते. पैसा तोच, जो खर्चताना हळहळ वाटत नाही.