साखरेचा कोळसा आणि शेतातील पाचट

विजेच्या साठवणीसाठी लागणारा कोळसा साखरेपासून करता येतो, हे ऐकून धाराशिव जिल्ह्यातील ऊस बागायतदारास नवल वाटेल. साखरेचा पाक बंद पोलादी भांड्यात सुमारे १८० अंश सेल्सिअस उष्णतेवर काही तास ठेवला म्हणजे साखरेतील पाण्याचा अंश सुटतो आणि डोळ्यांस न दिसणारे तपकिरी गोल कण बनतात. हे कण हवा लागू न देता हजार अंशांच्या आसपास भाजले की त्यांचा टणक काळा कोळसा होतो. गोल कण एकमेकांशेजारी दाट बसतात. सोडियमच्या बॅटरीत अशा कोळशाच्या थरांमध्ये सोडियमचे भारित कण साठून राहतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१३ मध्ये गळालेल्या पानांपासूनही वीज साठविणारा सच्छिद्र कोळसा केल्याचे प्रसिद्ध केले. अशी वार्ता गावी पोहोचताच पाचट, तुराट्या, भुसकट, जे असेल ते विकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या मोहास खतपाणी घालू नये. चिपाडाचे गोल कण सहजासहजी होत नाहीत. त्यातील तंतूंचा आकार भाजल्यावरही बव्हंशी टिकतो. शिवाय राख व क्षार धुऊन काढावे लागतात. खड्ड्यात पाडलेला कोळसा चुलीस चालेल, बॅटरीस नव्हे.

साखरेचाही हिशेब पाहावा. १०० किलो साखरेत कार्बन सुमारे ४२ किलोच असतो आणि प्रत्यक्षात हाती त्याहून कमी येतो. खाण्याची साखर यात घालणे परवडेल की नाही, हे कोळशाच्या भावावर ठरेल. मळी स्वस्त खरी. पण तिच्यातील क्षार काढण्याचा खर्च आहेच.

तेव्हा हे काम शेताच्या बांधावरचे नसून कारखान्याचे आहे. कळंब तालुक्यातील चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने २०२१ मध्ये, कोरोनाच्या साथीत, इथेनॉल प्रकल्पाच्या यंत्रसामग्रीत फेरफार करून प्राणवायू तयार केला होता. साखरेखेरीज दुसरी वस्तू करण्याची कुवत जिल्ह्यात आहे, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

पाचटाची गोष्ट मात्र निराळी. अवर्षणाच्या या मुलखात सरीत पसरलेले पाचट ओल धरते आणि कुजून जमिनीस सेंद्रिय अंश देते. ते पेटविणे जितके गैर, तितकेच चार पैशांसाठी गाडीत भरून देणेही गैर. सोयाबीनच्या भुसकटावर पहिला हक्क गुरांचा आहे. सरपण व कुडापुरत्या ठेवून उरलेल्या तुराट्या कोणी रास्त भावाने मागितल्या, तर खुशाल द्याव्यात. सहकारी कारखान्यांच्या सभासदांनी मळीपासून असा कोळसा करण्याचा विषय वार्षिक सभेत मांडावा आणि त्यातून होणारी प्राप्ती उसाच्या भावात कशी धरणार, हे त्याच बैठकीत विचारून घ्यावे.